विहीणबाईंची पिन

२ जून

ओटिस, आधी हे लिही: ही वही आयडेला क्रम्पची आहे, अक्षर मात्र तिचं नाही. अक्षरांचं आणि माझं कधी जमलंच नाही. शाळा भरायची तेव्हा शेतात कापूस फुटलेला असायचा, आणि कापूस वेचून व्हायचा तोवर वर्ग कुठल्या कुठे गेलेला असायचा. मग जन्मभर मोज्यांच्या कारखान्यात मोज्यांची बोटं, म्हणजे पुढची टोकं, शिवली. त्याला मुळाक्षरं लागत नाहीत.

ओटिस शेजारी राहतो. या गावात त्यानं हयातभर टपाल वाटलं. दुसऱ्याचं गुपित हातात धरून गप्प चालायची सवय आहे, म्हणून निवडलाय. एका बैठकीला एक वाडगा पीचचं कॉबलर, म्हणजे वर पिठाचा थर देऊन भाजलेली गोड फळं, असा ठराव. आज इस्त्रीचा सदरा घालून आलाय, कुणाच्या मयताला जाऊन आला कोण जाणे. आणि ओटिस, मी दोन शब्द बोलले आणि तू चार ओळी लिहिल्यास तर मला कळतं हं. वाचता येत नाही, पण डोळे आहेत.

वही कशाला, तर माझी नात एमलिन ऑगस्टात विद्यापीठात निघाली. तिची आई, म्हणजे माझी वाँडा, इस्पितळात रात्रपाळ्या करते, त्यामुळे एमलिन वाढली ती माझ्या स्वयंपाकघरात. ती गेली की मी बोलायचं कुणाशी? चुलीशी?

आणि दुसरं कारण आज दुपारी मोटारीतून उतरलं. विहीणबाई. कोरिन, माझ्या जावयाची आई. जावई बारा वर्षांपूर्वी टेक्ससला पळाला, त्याची आई काही पळत नाही. एमलिन त्यांना ‘कोको’ म्हणते, कारण ‘आजी’ म्हटलं की त्यांना सुरकुत्या पडतात. मला ‘आज्जी’च म्हणते. माझ्या आधीच पडल्या आहेत.

विहीणबाईंनी पर्समधून मखमली डबी काढली. आत सोन्याची पिन, नखाएवढी, तीन अक्षरांची. ग्रीक अक्षरं म्हणे. मला दिसलं ते असं: एक तंबू, एक शिडी आणि एक घोड्याची नाल. ती अक्षरं एमलिनलाही येत नाहीत, ओटिसलाही येत नाहीत. म्हणजे आयुष्यात एकदा तरी आम्ही सगळे एका वर्गात बसलो.

ही त्यांच्या भगिनीमंडळाची खूण. आपल्या अलाबामात पोरगी विद्यापीठात काय शिकणार हे कुणी विचारत नाही, कुठल्या भगिनीमंडळात जाणार ते विचारतात. एका रस्त्याला दोन्ही बाजूंनी त्यांची घरं, चर्चपेक्षा मोठी. ऑगस्टात आठवडाभर पोरी घरोघर फिरतात, घर पोरीला पारखतं, पोर घराला, जणू सोयरीकच जुळवायची आहे. कोरिनबाईंचं घर म्हणजे पांढऱ्या खांबांचं. त्यांच्या तरुणपणी त्या तिथल्या अध्यक्ष होत्या. हे त्या अजून कुणाला न विचारता सांगतात.

“ही पिन मी एमलिनच्या छातीवर माझ्या हातानं लावणार,” त्या म्हणाल्या. “ती आमच्या घरात आली की माझी बहीण झाली.”

“नात ना?” मी विचारलं.

“नात आहेच हो. पण शपथ घेतली की बहीण. जन्माची.”

मी नुसतं बोट लावून बघितलं. त्यांनी डबी अलगद मागे ओढली. “शपथ न घेतलेल्यानं अंगावर लावायची नसते हं आयडेला. कडक नियम आहे.” आणि रुमालानं पिन पुसली.

त्या हसल्या. मीही हसले. ओटिस, ‘हसले’च्या पुढे काही लिहू नकोस.

१९ जून

विहीणबाईंनी माझ्याच व्हरांड्यात शिकवणी काढलीय. एमलिन खुर्चीत ताठ बसलेली, कोरिनबाई समोर, आणि मी भेंड्या चिरत कोपऱ्यात.

“पोरांविषयी बोलायचं नाही. दारूविषयी नाही. देवाविषयी नाही. निवडणुकीविषयी नाही. पैशाविषयी नाही.”

“मग उरलं काय?” मी म्हटलं. “आमच्या घरात हा नियम लावला तर जेवताना मुक्यांची पंगत बसेल.”

एमलिन फिस्सकन हसली.

“हसताना दात दिसू देत बाळ,” विहीणबाई म्हणाल्या, “हिरड्या नकोत.”

हिरड्या माझ्या आहेत. माझ्या आईच्या होत्या, वाँडाच्या आहेत. आम्ही हसतो तेव्हा सगळं दुकान मांडतो. मी भेंडी इतकी बारीक चिरली की तळताना तिचा भुगा झाला. एमलिननं तोही खाल्ला आणि म्हणाली, “आज्जी, आज वेगळीच केलीस, मस्त लागते.”

८ जुलै

आज विहीणबाई एकट्याच आल्या. जरा इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाल्या, “तुमची ती नाश्त्याची मऊ, पावासारखी बिस्किटं कशी करता हो? एमलिन माझ्याकडे आली की नाश्त्याला बसते, एक तुकडा मोडते आणि म्हणते, आज्जीची फुलतात.”

म्हणजे आता तीही न्यायची! पोरीला पिन लावणार, मोटारीतून नेणार, आणि वरून माझी बिस्किटंसुद्धा. मी सगळं सांगितलं. पीठ कसं चाळायचं, लोणी गारच कसं घ्यायचं, पिठाला हात कसा हलका लावायचा. फक्त ताक सांगितलं नाही. दूध म्हणाले.

ओटिस खोकतोय. खोकला लिहायचा नसतो.

३ ऑगस्ट

गेली. विहीणबाईंच्या मोटारीतून गेली. माझ्या गाडीचं गार हवेचं यंत्र बंद आहे आणि पोशाख चुरगळून चालणार नाहीत. मागच्या सीटवर नुसते पोशाखच बसले होते, एकेकाला आपापली पिशवी. मी सोबत जाणार होते. “जागाच नाही हो उरली,” विहीणबाई म्हणाल्या. खरंच नव्हती. माझ्या जागी एक निळा रेशमी फ्रॉक बसला होता.

मोटार वळणापर्यंत गेली आणि थांबली. एमलिन उतरली, धावत परत आली. मला वाटलं मिठीला आली. माझं कपाट उघडून कारखान्यातल्या जाड मोज्यांचे दोन जोड घेतले आणि परत पळाली. इतके पोशाख नेले, आणि मोजे विसरली होती.

ओटिस म्हणतो चर्चमधल्या त्या विधुर क्लाइडनं मला पाठवलेले टोमॅटो उतरलेले होते. हे कुणी विचारलं नव्हतं. बरे होते टोमॅटो.

१० ऑगस्ट

संध्याकाळपासून फोनपाशी बसले. फोन आला तेव्हा भाजी करपली होती.

“कोकोला फोन झाला?” मी आधी तेच विचारलं. विचारायचं नव्हतं.

“झाला ना. तिला म्हटलं, सगळं छान चाललंय.”

“आणि मला काय सांगणार आहेस?”

“पायाला फोड आलेत आज्जी. एका घराच्या संडासात बसून मी रडले. दार उघडलं की आत पोरींचा ढीग असतो, एकीच्या डोक्यावर एक, आणि सगळ्या टाळ्या पिटत किंचाळतात. मग एक पोर हात धरून आत नेते, चार वाक्यं बोलते, तोवर दुसरी येऊन बोलणं उचलते, मग तिसरी. मला कुणाचं नावच कळत नाही. मी हवेविषयी बोलते.”

“हवा कशी आहे मग?”

“गरम,” ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली, आणि मग हसायला.

बघा कसं असतं ते. गोड बातम्या तिकडे, फोड इकडे. मखमली डबी त्यांच्याकडे आणि पाय माझ्याकडे.

१२ ऑगस्ट

रोज संध्याकाळी घरं पोरींना गाळतात, पोरी घरांना. खांबांच्या घरानं एमलिनला पुन्हा बोलावलं. तिथं सगळ्या तिला ‘कोरिनची नात’ म्हणतात. भिंतीवर कोरिनबाईंचा तरुणपणीचा फोटो आहे, त्याच्याखाली उभं करून तिचा फोटो काढला.

“आणि रस्त्याच्या टोकाला एक छोटं घर आहे,” एमलिन म्हणाली. “खांब नाहीत. झोपाळ्याची एक साखळी तुटलेली आहे. तिथल्या एका पोरीनं माझ्यावर सरबत सांडलं आणि स्वतःच इतकी हसली की खाली बसली. मग तिनं माझे मोजे बघितले. म्हणाली हे कुठून आणलेस? मग मी तुझी गोष्ट सांगितली.”

“माझी कसली गोष्ट?”

“बोटं शिवायची. तू डोळे मिटूनसुद्धा शिवायचीस ती. आणि मुकादमाच्या मोज्यांची बोटं उलटी शिवून दिलीस ती. सगळ्या जमल्या ऐकायला. मला वेळ संपल्याचं कळलंच नाही.”

मला राग आला. तिकडे विहीणबाईंचा फोटो भिंतीवर, आणि इकडे माझी टिंगल चव्हाट्यावर, परक्या पोरींना हसायला. मी म्हटलं, “दुसरं काही नव्हतं सांगायला?” ती म्हणाली, “नव्हतं.”

फोन ठेवते तोच विहीणबाईंचा आला. “तिचा फोन आला होता का तुम्हाला? मला आज दोनच मिनिटं बोलली. काय म्हणाली?”

“काही विशेष नाही,” मी म्हटलं. “तासभर बोलत होती.”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. त्यांचा फोन बिघडला असावा.

१५ ऑगस्ट

आता ऐका. आज दोनच घरं उरली: खांबांचं आणि टोकाचं. उद्या पोरीनं आपली पसंती द्यायची, पहिलं कोण, दुसरं कोण. परवा निकाल. दोन्ही घरं सांगितली तर एक नाही तर दुसरं मिळतंच मिळतं. पण एकच सांगितलं आणि त्या घरानं नाही घेतली, तर पोर दोन्हीकडून गेली. बाकीच्या उड्या मारत पळतात, आणि ती बॅग घेऊन खोलीवर परत.

विहीणबाईंनी तिला बजावलंय: आमचं एकच सांग. दुसरं नाव घेणं म्हणजे आमचा अपमान. अध्यक्षांची नात दुसऱ्या दाराकडे बघत नसते.

एमलिननं मला विचारलं, “आज्जी, मी काय करू?”

ओटिस, इथून नीट लिही आणि काही गाळू नकोस. मला माहीत होतं काय सांगायला हवं. दोन्ही सांग, असं सांगायला हवं. एका मोज्याची जोडी होत नाही, हे मला कळतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती डबी आली. तो रुमाल आला. ‘बहीण, जन्माची’. आणि मनात आलं, एकच सांगू दे आणि मिळू नये. पोर घरी येईल, माझ्या स्वयंपाकघरात बसून रडेल, मी भेंडी तळीन, आणि विहीणबाई पिन डबीतच ठेवतील.

मी म्हटलं, “कोको सांगते तसं कर बाळ. एकच सांग.”

“खरंच?” ती म्हणाली.

“अगदी खरं.”

ओटिसनं पेन खाली ठेवलंय. ‘आयडेला’ एवढंच म्हणाला. लिही म्हटलं तर लिहितोय, पण माझ्याकडे बघत नाही. कॉबलरचा वाडगा तसाच आहे.

१६ ऑगस्ट

सकाळपासून तिला फोन लावतेय. आज त्यांचे फोन काढून घेतात म्हणे, बाहेरचं कुणी कान भरू नये म्हणून. कान तर मी कालच भरले.

आज बिस्किटं फुलली नाहीत. ताक घातलं होतं तरीही.

ती परत आली तर कुठल्या तोंडानं भेंडी तळू? पोर पायाला फोड येईतो घरोघर हिंडली. तिला हवं तरी होतं का हे, कुणासाठी हवं होतं, मी एकदाही विचारलं नाही. कोकोला आधी फोन केलास का, एवढं मात्र रोज विचारलं.

ओटिस न बोलावता आला. मी गप्प बसले होते, तो पण बसला. हे त्यानं आत्ता माझ्या सांगण्यावरून लिहिलंय. उगाच स्वतःचं कौतुक घुसडलंय असं नाही.

१७ ऑगस्ट

सकाळी विहीणबाईंचा फोन: “निकालाला येताय का? एक सीट मोकळी आहे आज.” वाटभर त्यांच्या मांडीवर पर्स, पर्समध्ये डबी, आणि एक हात सारखा पर्सवर. लाल दिव्याला थांबल्या की त्या आरशात बघून ओठ रंगवायच्या. आमचं गाव सोडलं तेव्हा ओठ गुलाबी होते, पोचलो तोवर लालभडक.

खांबांच्या घरापुढे हिरवळीवर आईबापांची, आज्यांची गर्दी. विहीणबाईंना सगळे ओळखत होते. “माझी नात,” त्या प्रत्येकाला सांगत होत्या, “आणि या तिच्या दुसऱ्या आजी.” दुसऱ्या!

पोरींना मैदानात बसवतात, निकालाचे लिफाफे मांडीखाली देतात, आणि एकदम इशारा झाला की सगळ्या फोडतात. इशारा झाला. असला आरडाओरडा मी कारखान्याला आग लागली तेव्हाही ऐकला नव्हता. मग रस्त्यावरून पोरींचा लोंढा आला, शेकड्यानं, पांढरे कपडे, रडत, हसत, ज्या त्या आपल्या दाराकडे. विहीणबाई पुढे झाल्या. डबी उघडून एका हातात धरली आणि दोन्ही हात पसरले.

मी पोरीला शोधत होते. प्रत्येक चेहरा बघत होते आणि मनात म्हणत होते, असू दे इथं, असू दे इथंच, लाव बाई तिला पिन, कर बहीण, काय करायचंय ते कर.

आणि दिसली. सगळ्यांच्या पायात नाजूक चपला, हिच्या पायात माझे जाड मोजे आणि कॅनव्हासचे बूट. आमच्याकडे बघून हात हलवला, सगळ्या हिरड्या दाखवून हसली.

आणि थांबली नाही. आमच्या समोरून पळत गेली. सरळ. रस्त्याच्या टोकाला.

विहीणबाईंचे हात तसेच पसरलेले. मग त्यांनी ते हळूहळू खाली घेतले आणि डबी मिटली. आवाज एवढासा झाला, पण मला ऐकू आला. हा आवाज ऐकायचा म्हणून मी सगळा उन्हाळा काढला होता. ऐकला आणि वाटलं, डबी पुन्हा उघडावी.

“चला,” मी म्हटलं, “उन्हात किती वेळ उभ्या राहणार?” त्यांचा दंड धरला. त्यांनी धरू दिला.

टोकाच्या घरापाशी एमलिन पोरींच्या घोळक्यात होती. आम्हाला बघून आली. आधी कोकोच्या गळ्यात पडली. खूप वेळ. मी त्या दुसऱ्या आजीसारखी बाजूला उभी.

मग विहीणबाई नाक पुसायला वळल्या तेव्हा माझ्या कानाशी आली. “आज्जी, मी दोन्ही सांगितली.”

“मी तर एक सांग म्हटलं होतं.”

“हो ना. जन्मात पहिल्यांदा तू म्हणालीस, कोको सांगते तसं कर. तेव्हाच मला कळलं, काहीतरी गडबड आहे.” आणि माझा गालगुच्चा घेतला. मी तिचा घ्यायचा, तर तिनं माझा.

“पहिलं कुठलं सांगितलंस?” मी विचारलं.

“ते तुलाही सांगणार नाही, कोकोलाही नाही.”

ओटिस, पुन्हा वाच हे. ‘सांगणार नाही’पर्यंत वाच. मला तिनं क्षमा केली की नाही, तुझ्या मते? नको, लिहू नकोस. आणि हे घे, कॉबलर. आज दोन वाडगे.

५ ऑक्टोबर

आज शपथेचा दिवस. विहीणबाई मला न्यायला आल्या. मी ठेवणीतला निळा फ्रॉक घातला होता, वाँडाच्या लग्नातला. तेव्हा मी बारीक होते.

टोकाच्या घराच्या दारात एक पोर उभी, छातीवर त्यांची अक्षरं. निराळीच होती, एक वर्तुळ, एक फाटक आणि एक उलटा खुंट. विहीणबाईंनाही वाचता आली नाहीत. पोर गोड आवाजात म्हणाली, “आत फक्त शपथ घेतलेल्यांना सोडतात हं. तुम्ही बाहेर बाकावर बसा, झालं की फोटोला बोलावू.”

विहीणबाईंना! अध्यक्षांना! त्यांनी पर्स काखेत मारली आणि बाकावर येऊन बसल्या. मी त्यांच्या शेजारी. बाक अरुंद होता.

खिडकीतून आतलं थोडं दिसत होतं. एमलिन पांढऱ्या कपड्यात. तिच्यासमोर ती सरबत सांडणारी उंच पोर, आता तिची ‘थोरली बहीण’ नेमलीय म्हणे. ती एमलिनची कॉलर सारखी करत होती. मग केसांची बट कानामागे नेली. मग हनुवटीला हात लावून काहीतरी बोलली आणि आमची पोर हसली, अशी हसली की सगळं दुकान मांडलं.

“ही कोण सटवी?” मी म्हटलं.

“काय लाडीगोडी चाललीय,” विहीणबाई त्याच वेळी म्हणाल्या.

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

“फोन तरी करते का तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“रविवारी. घाईत असते.”

“मला मंगळवारी. घाईत.” मग म्हणाल्या, “तेव्हा ऑगस्टात एकदा तासभर बोलली होती ना तुमच्याशी. मी त्या दिवशी जेवले नव्हते, आयडेला.”

“तासभर नव्हती बोलली,” मी म्हटलं.

खिडकीचा पडदा कुणीतरी ओढून घेतला. मी बघायला म्हणून एकदम पुढे वाकले आणि फ्रॉकचं छातीवरचं बटण ताडकन उडालं. बाकाखाली गेलं, तिथून गटारात. फ्रॉक असा उघडला की म्हातारपणीही लाज वाटावी. मी दोन्ही हातांनी धरून बसले. “फोटो काढायचाय अजून,” मी म्हटलं. “साधी पिन आहे का तुमच्याकडे?”

विहीणबाईंनी पर्स उघडली. रुमाल, लाली, चष्मा, सगळं उपसलं. साधी पिन नव्हती. मग त्या थोडा वेळ पर्समध्ये नुसत्या बघत राहिल्या. मखमली डबी काढली. उघडली.

“अहो, शपथ?” मी म्हटलं. “नियम?”

“हात काढा बाजूला,” त्या म्हणाल्या. “टोचेल नाहीतर.”

दोन वेळा टोचलंच. मी हुं केलं नाही. तंबू, शिडी आणि घोड्याची नाल, सगळं माझ्या छातीवर, बटणाच्या जागी. त्यांनी मान तिरकी करून बघितलं आणि रुमालानं पुसली. या वेळी पिन चमकावी म्हणून पुसली, जूनसारखं माझं बोट पुसायला नाही, ते मला बरोब्बर कळलं.

आत गाणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून ऐकलं.

“ताक,” मी म्हटलं.

“काय?”

“बिस्किटात दूध नाही घालायचं. ताक घालायचं.”

विहीणबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या, हिरड्या दिसेपर्यंत. त्यांच्याही आहेत की! इतकी वर्षं दडवून ठेवल्या होत्या.

ओटिस मघापासून पेन उचलून माझ्या फ्रॉककडे बघतोय. लिहायला बसण्याआधीच हे सोन्याचं काय म्हणून तीनदा विचारलं होतं. क्लाइडनं दिलं का, असंही विचारून झालं. बटण तुटलंय, लिही. एवढंच लिही.